एक्केचाळीसावं पान

“सर, एक इचारू का? त्र्याऐंशी पानाला तुमाला दरसाल खोकला येतो. मग एक्केचाळीसला कसा कदीच येत न्हाय?”

शाळेचा शिपाई गुंडा शिवशरण यानं हे विचारलं तेव्हा कलशेट्टी सरांचा एक पाय सायकलच्या पायडलवर आणि दुसरा जमिनीवर होता. माणूस असा अर्धा जमिनीवर आणि अर्धा हवेत असताना त्याला खरं काही विचारू नये. सर पडले नाहीत, एवढंच. त्यांनी ब्रेक दाबला, जो दाबायची काही गरज नव्हती, कारण सायकल उभीच होती. गुंडा मात्र फाटकाला टेकून, ‘जेवलात का’ असं विचारावं तसा निवांत होता. शुक्रवारची शाळा सुटून पोरं पांगली होती, लांब मिलचा भोंगा होऊन गेला होता, आणि डिसेंबर असूनही सोलापूरचं ऊन मानेवरून उठायला तयार नव्हतं. “माजं काय न्हाय,” गुंडा म्हणाला. “मी भाईर हुबा असतो. एकोनीस वर्सं, तीन-तीन तुकड्या, सत्तावन डाव आयकलंय. पाट हाय मला. पर अवंदा पोरगी आत बसलीया की. एक्केचाळीस लंबर तिचाच हाय.” आणि त्यानं फाटक उघडून धरलं, रोज धरायचा तसंच, अदबीनं.

आता हा खोकला काय होता ते सांगायला हवं. शाळेच्या संस्थापकांनी मरताना दोन इच्छा सांगून ठेवल्या होत्या: अंगणातलं कडुनिंबाचं झाड तोडू नये, आणि नववीच्या मुलांना ती कादंबरी वाचायला लावावी. झाड वाळवीनं खाल्लं. कादंबरी राहिली. सत्तर वर्षांपूर्वीची, थोर लेखकाची, एकशे चाळीस पानांची. अशी कादंबरी शिकवायची कशी याची कलशेट्टी सरांनी एकोणीसशे पंचावन्न साली एक पद्धत बसवली, आणि ती चौऱ्याहत्तर उजाडलं तरी तशीच चालू होती: जितका हजेरीचा नंबर, तितकं पान. एक नंबरच्या मुलानं उभं राहून पहिलं पान वाचायचं, दोन नंबरच्यानं दुसरं. चोपन्न झाले की पुन्हा एकपासून. कुणी ‘मीच का’ म्हणू नये, कुणी ‘मला राहू दे’ म्हणू नये. न्याय कसा, तर देवळातल्या पंगतीसारखा. फक्त ब्याऐंशी पान संपता संपता सरांना खोकला यायचा. साधासुधा नव्हे, भरघोस. तो ओसरेपर्यंत पुढच्या मुलानं शहाण्यासारखं एक पान जास्तीचं उलटून चौऱ्याऐंशीवर बोट ठेवलेलं असायचं, आणि गुंडा पाण्याचा पेला घेऊन दारात हजर असायचा. सर पेला घेत, सगळ्या वर्गासमोर गटागटा पीत, आणि गुंडाच्या हातचं पाणी आपण सगळ्यांसमोर पितो याची त्यांच्या मनात कुठंतरी एक छोटीशी नोंद होई. नोंदी करण्यात ते पक्के होते. फक्त कुठल्या बाजूला काय मांडायचं ते त्यांच्या सोयीनं ठरायचं. बाकी त्र्याऐंशी पान वर्गात वाचलं जात नसलं तरी अख्ख्या शाळेत तेच सर्वांत जास्त वाचलेलं पान होतं. प्रत्येक प्रतीत तेवढंच पान बोटांच्या डागांनी काळवंडलेलं. पहिल्याच आठवड्यात मुलं ते शोधून काढत, कारण वरच्या वर्गातली मुलं खालच्यांना इतिहासाच्या सनावळ्या सांगत नसत, पण हे सांगत.

त्या पानावर लिंगाप्पा वाणी होता. “प्रथम लिंगाप्पाचे पोट दुकानाबाहेर आले, मग काही वेळाने लिंगाप्पा. ‘आमचा माप खोटा निघाला, तर आमचा बायको मरून जाईल!’ तो कपाळावरच्या भस्माला हात लावून म्हणाला. आणि गावाला आठवले, की ही लिंगाप्पाची तिसरी बायको.” बाळीवेसकडे सायकल मारताना सरांना हे शब्दन्‌शब्द आठवलं आणि इतक्या वर्षांनीही ओठाचा एक कोपरा हललाच. वाक्य झकासच होतं, मेल्याचं. तोच तर त्रास होता. वाईट लिहिलं असतं तर खोकायची वेळच आली नसती. आणि एक्केचाळीस? एक्केचाळीसावर काय आहे हे आठवायला त्यांना कन्ना चौकापर्यंत जावं लागलं. तिथं एका टांग्याच्या घोड्यानं त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू त्यालाही ते ठाऊक होतं. महादू वेसकर. “महादू जातीने हलका, पण इमानाने भारी. पाटलांच्या ओट्यावरून उष्ट्या भाकरीचा तुकडा खाली पडला, की दारच्या मोत्याच्या आणि महादूच्या डोळ्यांत एकाच वेळी कृतज्ञता तरळे.” पण ही स्तुती आहे, सर स्वतःला म्हणाले. लिंगाप्पाची नालस्ती आहे, महादूची स्तुती आहे. स्तुतीला कोण खोकतं? ते स्वतः तर दर वर्षी सहामाहीला प्रश्नच काढत होते, ‘महादू वेसकराचे स्वभावचित्र रेखाटा’, गुण दहा. उत्तरही त्यांनीच, वर्गात ते पान यायच्या आधीच, फळ्यावर लिहून दिलेलं: इमानी, अल्पसंतुष्ट, धन्याच्या सुखात सुख मानणारा. गेल्या सहामाहीत गौतमी शिवशरणनं ते उत्तर जसंच्या तसं लिहिलं होतं, टपोऱ्या अक्षरात, आणि त्यांनी तिला दहापैकी नऊ दिले होते. एक गुण शुद्धलेखनाचा कापला होता. हे आठवलं तेव्हा ते घरासमोर पोचले होते, आणि पुढं अर्धी गल्ली निघून गेले.

“एन् आयतु री?” काय झालं, असं नीलम्मानं दारातूनच विचारलं. घरात कानडी, बाहेर मराठी, हा त्यांच्या संसाराचा उंबरठा होता. पण नीलम्मा वाद घालायचा असेल तेव्हा मराठीत यायची, कारण मराठीत नवरा फार विचार करून बोलतो आणि तेवढ्या वेळात आपली चार वाक्यं होतात हे तिला माहीत होतं. सरांनी सांगितलं. तिनं भाकरीवर शेंगाचटणी वाढली आणि म्हणाली, “मग त्या पानालाबी खोका की. एक खोकल्याला काय जातंय?” “तसं नसतं ते. वाङ्मय आहे.” “त्र्याऐंशीला वाङ्मय नव्हतं व्हय?” सरांनी भाकरी जास्त वेळ चावली. नीलम्मा म्हणाली, “मावा असते तर त्यांनी हसून सोडून दिलं असतं. तुमालाच लई लागतंय.” मावा म्हणजे सासरे. आणि इथं, खरं सांगायचं तर, त्या खोकल्याचं मूळ होतं, पण सरांनी ते एकोणीस वर्षांत कुणाला दाखवलं नव्हतं. स्वतःला तर मुळीच नाही.

मैंदर्गीला वडिलांचं किराणा दुकान होतं. वीरभद्रप्पा, म्हणजे आजचे कलशेट्टी सर, बारा वर्षांचा असताना त्याला सोलापूरच्या मराठी शाळेत घातलं, तेव्हा त्याच्या तोंडात मराठी शब्द होते पण त्यांची लिंगं ठिकाणावर नव्हती. ‘आमचा आई आला’ असं तो पहिल्याच दिवशी म्हणाला आणि ते वाक्य तीन वर्षं त्याच्या मागून चालत राहिलं, मधल्या सुट्टीत, नळावर, सहलीत. त्यानं मराठीचा सूडच घेतला म्हणायचा. व्याकरण पाठ केलं, श्लोक पाठ केले, पेठेतल्या पंडितांना आडवं पाडील असं शुद्ध बोलायला लागला. एके दिवशी वडील अचानक शाळेत आले, धोतराचा सोगा हातात, कपाळी भस्म, हेडमास्तरांना खारीक-खोबरं द्यायला. वर्गाच्या दारात उभं राहून भरदार आवाजात म्हणाले, “आमचा पोरगी नव्हं, पोरगा हितं शिकते का?” वडील पुढं आणखी काही बोलले असते, पण तेवढ्यात वीरभद्रप्पाला खोकला आला. जबरदस्त. बाकावर वाकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत तो खोकला, आणि त्या खोकल्याखाली वडिलांचा आवाज बुडाला. वडील धावत आत आले, पाठ चोळली, खारकांतली एक काढून त्याच्या तोंडात घातली. वर्ग हसत होता की नव्हता, हे त्याला कधीच कळलं नाही. त्यानं ऐकायची सोयच ठेवली नव्हती. सरांनी ताटातच हात धुतला. म्हणजे आपण एकोणीस वर्षं कुणासाठी खोकत आलो? लेखकाच्या अब्रूसाठी? मुलांवर वाईट संस्कार नकोत म्हणून? असंच त्यांनी मनात लिहून ठेवलं होतं, आणि कुणी विचारलं तर हेच सांगायचं असंही. पण कुणी विचारलंच नव्हतं. आणि आज विचारलं तर नेमकं दुसऱ्याच पानाबद्दल.

शनिवारी सकाळच्या शाळेत हेडसरांनी बोलावून घेतलं. हेडसर कुठलाही प्रश्न दार लोटून घेऊन विचारत, मग तो खडूचा का असेना. “कलशेट्टी, पुण्यामुंबईकडं पोरं फार बोलायला लागलीयत म्हणे, पुस्तकांत काय लिहिलंय, काय नाही. आपल्या कादंबरीत काही आहे का तसलं?” सर म्हणाले, तसलं म्हणजे कसलं त्यावर अवलंबून आहे. “म्हणजे आहे,” हेडसर म्हणाले. “चालू ठेवायची की बंद करायची, तुम्ही मराठीचे प्रमुख, सोमवारी चार ओळींत अभिप्राय द्या. तुम्ही म्हणाल ते. फक्त सही तुमची.” इतकी वर्षं जपलेली कादंबरी अशी एका सहीवर आलेली पाहून सरांना आधी हलकं वाटलं. बंद! मग सोमवार नाही, एक्केचाळीस नाही, काही नाही. स्टाफरूममध्ये चित्रकलेचे मकदूम सर ब्रश धूत होते. त्यांना हे सांगितलं तर ते खो खो हसले. “अरे कलशेट्टी, तुमचं त्र्याऐंशी, गुंडाचं एक्केचाळीस, आणि माझं एकशे बारा विसरले काय? अत्तरवाला. पाटलाच्या पोरीला पळवतो, सुरमा घालून. बारा वर्षं मी वाट बघतोय, तुम्हाला माझ्या पानाला निदान एक जांभई येईल म्हणून.” सर ओशाळले. एकशे बाराला काय आहे हे तर त्यांना खोकल्याच्या पलीकडे दिसलंच नव्हतं. त्यांनी कोपऱ्यात बसून प्रत उघडली आणि पेन्सिलीनं खुणा करायला घेतल्या. साठावर विधवा, बहात्तरावर कोष्टी, नव्वदावर एक डोंबारीण. कुणाचंही मन दुखणार नाही अशी पानं शेवटी सव्वीस उरली, आणि त्यांतल्या चौदांत सूर्योदय होता. “तेवढीच शिकवा,” मकदूम म्हणाले. “हेडसर खूश होतील, पोर्शन नाताळच्या आत.” मग ब्रश झटकत म्हणाले, “पण मी म्हणतो, काढू नका. हे काढाल, दुसरं आणाल, त्यात मी पुन्हा चोरच असणार. ह्यातला चोर निदान ओळखीचा झालाय.”

शाळा सुटताना सरांनीच गुंडाला गाठलं. तो टोल देऊन हात पुसत होता. “गुंडा, अरे ते एक्केचाळीसचं. त्यात शिवी तर नाही ना रे. इमानी म्हटलंय. लिंगाप्पाला बघ, चोर म्हटलंय.” गुंडानं सरांकडे बराच वेळ पाहिलं, जसा तो घड्याळाकडे पाहायचा, तास भरलाय की अजून दोन मिनिटं आहेत. “सर, तुमच्या लिंगाप्पाला त्यो लिवनारा भितो तरी. तराजू हाय त्येच्या हातात. म्हादूला कोन भितं? कुत्र्याशेजारी बसवला आन् मोकळा झाला.” “मग पुस्तक बंदच करूया म्हणतोस?” “मी कुटं म्हनलं? तुमी मास्तर, तुमी ठरवा. मी इतकंच म्हनलं, पोरगी आत बसलीया.” आणि पुन्हा तेच फाटक, तीच अदब. माणसानं भांडावं तरी, सरांच्या मनात आलं. भांडला असता तर उत्तर देता आलं असतं.

रविवार सगळा त्यांनी तोडगे काढण्यात घालवला. गौतमीला त्या वेळी ऑफिसातून नकाशा आणायला पाठवावं. म्हणजे तिला बाहेर काढावं. हे मनात येताच ते कॉटवर उठून बसले, कारण तिच्या आजाला शाळेत असंच बाहेर बसवलं असणार. नंबर उलटे फिरवावेत, म्हणजे पान दुसऱ्या कुणाच्या तोंडी जाईल. पण कान तर तिचेच राहणार. आजारी पडावं. हा तोडगा त्यांना दुपारी तीनपर्यंत पुरला. आणि सगळ्यांत देखणा तोडगा म्हणजे बंद. अभिप्रायात लिहावं, ‘काळानुरूप नाही, सामाजिक ऐक्यास बाधक’, लोक वाहवा म्हणतील, कलशेट्टी सर पुढारलेल्या विचाराचे. त्यांनी ते कच्चं लिहूनही काढलं आणि मोठ्यानं वाचलं. फार छान वाटलं. इतकं छान वाटलं की त्यांना संशय आला. असं छान त्यांना फक्त खोकून झाल्यावर वाटायचं, घसा मोकळा, समोर चौऱ्याऐंशी. पुस्तक गेलं म्हणजे एकोणीस वर्षांचा साक्षीदार गेला. मग कुठलं एक्केचाळीस आणि कुठले दहापैकी नऊ! हा तर सगळ्यांत मोठा खोकला झाला, एकशे चाळीस पानांचा. त्यांनी कागद फाडला. नीलम्मा आतून म्हणाली, “बिडरी, सोडा ते, झोपा आता.” दुपारचे साडेचार वाजले होते.

सोमवारी हेडसरांच्या टेबलावर त्यांनी अभिप्राय ठेवला. “पुस्तक चालू ठेवावे. एकही पान गाळू नये. शिकवणाऱ्याने खोकू नये.” हेडसरांनी तो दोनदा वाचला. “शेवटचं वाक्य?” “ते माझ्यापुरतं आहे.” “मग खाली सही करा,” हेडसर म्हणाले, “आणि पडसं असेल तर रजा टाका.”

नववी ‘अ’मध्ये शिरल्यावर सरांना पहिल्यांदा जाणवलं की वर्ग फार मोठा आहे आणि खिडक्या फार आहेत. मुलांनी चाळीसपर्यंतची पानं आधीच उलटून ठेवली होती. डावीकडच्या तिसऱ्या बाकावर गौतमी, दोन वेण्या, पुस्तक बंद, हात पुस्तकावर. “आज आधी त्र्याऐंशी पान काढा,” सर म्हणाले, “आणि ते मी वाचणार आहे.” पहिल्या बाकावरच्या एका मुलानं घाबरून विचारलं, “सर, पाणी आणू?” “नको. बस.” त्यांनी वाचायला सुरुवात केली ती वर्गाच्या स्वरात, स्वल्पविराम सांभाळत. पोट दुकानाबाहेर आलं, मुलं गालातल्या गालात. मग लिंगाप्पा बोलू लागला, आणि सरांच्या जिभेला काय झालं कोण जाणे, ती शुद्ध राहीना. “आमचा माप खोटा निघाला, तर आमचा बायको मरून जाईल!” हा आवाज त्यांचा नव्हता. मैंदर्गीच्या दुकानातला होता, भरदार, छातीतून येणारा, ‘मा’वर रेलून पुढं जाणारा. त्यांनी तो चाळीस वर्षांत तोंडात येऊ दिला नव्हता, आणि तो असा आला की जणू रोजचाच राबता. वर्ग फुटला. बाळीवेसची, कानडी घरांतली पोरंसुद्धा बाक बडवून हसायला लागली. सर वाट पाहत राहिले, की आता तो जुना खोकला येईल. पण झालं असं की त्या हसण्यात वडील येऊन उभे राहिले, धोतराचा सोगा हातात घेऊन, आणि त्यांना काही म्हणजे काहीच लाज वाटत नव्हती. उलट पोरं एवढी का हसतायत म्हणून तेही हसू लागले. व्हरांड्यातूनही एक हसणं येत होतं, जाड, सत्तावन डाव दाबून ठेवल्यासारखं.

हसू ओसरल्यावर सर म्हणाले, “आता एक्केचाळीस.” गौतमी उभी राहिली. “तुझी इच्छा असेल तर वाच,” ते म्हणाले, “नाहीतर मी वाचतो.” तिनं त्यांच्याकडे पाहिलं, बापासारखंच, घड्याळाकडे पाहावं तसं. “तुमीच वाचा सर. तुमचं वाचन लई चांगलंय.” कुणीतरी फिसकन हसलं आणि गप्प झालं. सरांनी वाचलं. महादू जातीने हलका, हे तीन शब्द त्यांनी सत्तावन वेळा ऐकले होते, पण स्वतःच्या तोंडानं कधीच उच्चारले नव्हते. ती पाळी नेहमी कुठल्यातरी एक्केचाळीस नंबरची होती. भाकरीत कचकन खडा लागावा तसे ते दातांखाली आले. ओटा, तुकडा, मोती, कृतज्ञता. या पानात हसण्यासारखं एकही वाक्य नव्हतं, हे त्यांना आज कळलं. लेखकानं महादूसाठी एक विनोदसुद्धा खर्च केला नव्हता. पान संपलं. गौतमी अजून उभीच होती.

“सर, ह्या महादूला बायको होती का?”

सरांनी मनातल्या मनात एकशे चाळीस पानं उलटली. लिंगाप्पाला तीन बायका होत्या. कुत्र्याला नाव होतं. पाटलाच्या घोडीला सुद्धा आजार झाला होता, पान पंचावन्न. “लेखकानं लिहिलेलं नाही,” ते म्हणाले. “पोरंबाळं?” “नाही लिहिलं.” “मग दिवसभर त्येच्यासंगं काय झालं, ते घरी जाऊन त्यो कुणाला सांगत असंल?” असा प्रश्न कुठल्याही सहामाहीला आला नव्हता. सरांना फळ्यावर लिहून द्यायला उत्तर नव्हतं, आणि खडू तर बोटांत होता. तो त्यांनी टेबलावर ठेवला आणि वर्गाकडे वळून विचारलं, “हं. महादू संध्याकाळी घरी गेला. काय बोलला असेल? कोण सांगेल?”

त्रेपन्न माना पुस्तकात गेल्या. फळ्यावर नव्हतं, त्यामुळं कुणालाच येत नव्हतं. तेवढ्यात खिडकीतून आवाज आला, “म्या सांगतो की. म्हादू घरी गेला आन्...”

“आबा!” गौतमी मागं वळून म्हणाली. “हात वर करा आदी. हितं असं मधीच बोलायचं नसतंय.”

वर्ग हसला. खिडकीच्या गजांबाहेर गुंडानं स्वतःच्या हाताकडे पाहिलं, जणू हा हात या कामाचा आहे हे त्याला आजच कळत होतं. मग त्यानं तो वर केला, पूर्ण वर, कोपर सरळ. तास भरून चार मिनिटं होऊन गेली होती आणि टोल द्यायचा तो हात तिथं वर होता.

“बोला, शिवशरण,” कलशेट्टी सर म्हणाले.

“म्हादू घरी गेला,” गुंडा हात खाली न घेता म्हणाला, “आन् आदी पाटलाची नक्कल करून दावली. कसं बसतोय, कसं खाकरतोय, भाकरी टाकताना मिशी कशी वर करतोय. रोज दावायचा. बायकू म्हनायची, हळू वो, पाटलाला आयकू जाईल. आन् पोरं म्हनायची, अजून येकदा, अजून येकदा.”